लाँड्रीवरच्या दोन मॅडम

माझी ताई फोनवर बोलायची नोकरी करते. आमच्या लहानपणी कुणी हे भाकीत केलं असतं, तर आईने त्याला थंड पाणी पाजून घरी पाठवलं असतं. कारण ताई तोतरी होती. खरं तर ‘होती’ म्हणणं चूक, आजही आहे. फरक एवढाच की तेव्हा तोतरेपण तिला हाकायचं आणि आता ती त्याला हाकते.

काही अक्षरं तिच्या घशात दगडासारखी बसायची. त्यातलंच एक तिच्या नावाच्या सुरुवातीला होतं. नाव ठेवणाऱ्या आत्याला काय कल्पना! शाळेत पोरं तिला ‘तुटकी कॅसेट’ म्हणत. मी तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण माझी जीभ कात्रीसारखी चालायची, म्हणून घराबाहेर तिची दुभाषी मीच. दुकानात ती “ब... ब...” करू लागली की मी “बटाटे!” म्हणून मोकळी. कधी कधी तिला बटणं हवी असायची. तरी आम्ही बटाटेच घेऊन घरी यायचो, कारण “नाही, बटणं” म्हणायला तिला पुन्हा तेवढाच वेळ लागला असता आणि मागे रांग असायची.

आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. आमची शाळा साडेतीनला सुटायची, आईची पाळी सहाला. मधले अडीच तास आम्ही दोघी चादरींच्या गाड्यांमध्ये लपाछपी खेळायचो. एक दिवस मी इस्त्रीच्या रोलरपाशी सापडले आणि मुकादमाने आईला सुनावलं, “पोरींना आवर, नाहीतर उद्यापासून तूच येऊ नकोस.”

लाँड्रीच्या बरोबर वर एक लांबलचक हॉल होता. तिथे दोन बहिणी कराटे शिकवायच्या. त्यांचे पांढरे पोशाख आईच धुऊन द्यायची, एवढीच काय ती ओळख. त्या संध्याकाळी आई आम्हा दोघींची बखोटी धरून जिना चढली आणि म्हणाली, “मॅडम, या दोघींना सहापर्यंत इथे कोपऱ्यात बसू द्या. काही शिकवलं नाहीत तरी चालेल.”

“कोपऱ्यात बसायला इथे जागा नाही,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. “उभं राहायला आहे.”

असा आमचा कराटेत प्रवेश झाला.

मोठ्या मॅडम उंच, काटकुळ्या, केस बारीक कापलेले. सकाळी त्या एका कारखान्यात वजनकाट्यावर असायच्या आणि माणसांकडेही तशाच बघायच्या, काटा स्थिर होईपर्यंत. धाकट्या मॅडम गोल, हसऱ्या. सकाळी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाचं काम करायच्या. त्यांचा आवाज पाण्यापलीकडे पोचायची सवय झालेला, त्यामुळे त्या कानात कुजबुजल्या तरी अख्ख्या हॉलला कळायचं. दोघींचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. कुणी मारायला आलं तर काय करायचं, असं एका मुलीने विचारलं होतं. मोठ्या म्हणाल्या, “पाय रोवून उभं राहायचं.” धाकट्या म्हणाल्या, “पळायचं!” मग दोघी वर्ग सोडून त्यावरच वाद घालत बसल्या.

पहिल्या दिवशी मोठ्या मॅडमनी ताईला नाव विचारलं. ताईने तोंड उघडलं आणि अक्षर अडकलं. मान ताठ, डोळे मिटलेले, ओठ थरथरताहेत. मागच्या रांगेत खसखस पिकली. मी सवयीने ताईचं नाव सांगून टाकलं.

“मी तुला विचारलं?” मोठ्या मॅडम माझ्याकडे वळल्या.

“नाही, पण तिला वेळ लागतो.”

“मग लागू दे. वाक्य दुसऱ्याचं असलं की त्याला आपण हात लावायचा नाही.”

आणि त्या थांबल्या. हॉलमधलं घड्याळ टिकटिकत होतं, खालून ड्रायरची घरघर येत होती. जमीन त्या ड्रायरमुळे कोमट असायची, तेही मला तेव्हाच पहिल्यांदा पायाला जाणवलं. मोठ्या मॅडम चेहऱ्यावर ना कीव आणत होत्या, ना घाई. ताईचं नाव शेवटी आलं, तुकड्यातुकड्यांनी. मोठ्यांनी मान डोलावली. “छान. आता डावा पाय पुढे.”

धाकट्या मॅडम नंतर ताईच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, “तू श्वास कोंडून धरतेस बघ. पाण्यात बुडणारी माणसं असंच करतात. श्वास घ्यायला सगळ्यांनाच येतो, सोडायला शिकावं लागतं. आधी सोड, मग बोल. नाही बोललीस तरी सोड.”

मी कराटे जेमतेम चार आठवडे केलं. पाय दुखतात, पोट दुखतं, डोकं दुखतं, सगळी कारणं वापरून झाली. मग मी लाँड्रीच्या कचेरीत बसून बायकांच्या वेण्या घालू लागले. आज माझं केस कापायचं दुकान आहे, त्याची सुरुवात तिथली. ताई मात्र वर गेली ती गेलीच.

तिला काय मिळालं ते मला एका संध्याकाळी कळलं. मी तिला बोलवायला वर गेले होते. तीस मुली रांगेत गुडघे वाकवून उभ्या, प्रत्येक आकड्याला एक ठोसा. जपानी आकडे सगळ्या मिळून मोजायच्या: इची, नी, सान, शी, गो... आणि त्या आवाजांत ताईचा आवाज होता. खणखणीत, एकदाही न अडखळता. मी दारातच खिळले. घरी जाताना मी तिला म्हटलं, “अगं, तू तर धडाधड बोलत होतीस!”

“स... सगळ्यांबरोबर असलं की अडकत नाही,” ताई म्हणाली. “आकडे आपोआप येतात. एकामागे ए... एक.”

हे मोठ्या मॅडमना माझ्याआधी कळलं होतं. पुढच्या महिन्यापासून त्या हळूच बाकीच्या मुलींचा आवाज कमी करवू लागल्या. आज निम्म्या मुली मोजतील, उद्या पाच, परवा दोघी. एक दिवस ताई एकटीच मोजत होती आणि हे तिला सातव्या आकड्याला कळलं. आठव्याला ती अडखळली. मोठ्या मॅडम थांबल्या. आठ आले, नऊ आले, दहा आले. तीस मुठी तिच्या आवाजाची वाट बघत हवेत थांबल्या होत्या आणि एकही हसली नाही. हसली असती तर धाकट्या मॅडमनी तिला शंभर बैठका दिल्या असत्या, हेही खरं.

सगळं असंच सरळ झालं असतं तर सांगण्यात मजा नव्हती. ताई सोळा वर्षांची असताना काळ्या पट्ट्याची परीक्षा आली. बाहेरगावचे तीन परीक्षक टेबलामागे बसले होते. कराटेत काता असतात, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. ती सुरू करण्याआधी तिचं नाव मोठ्याने पुकारावं लागतं. ताईच्या काताचं नाव ‘बस्साई दाई’. आणि ‘ब’ म्हणजे तिचा जुना वैरी. ती मध्यभागी जाऊन उभी राहिली. ओठ मिटले आणि उघडेचनात. दहा सेकंद गेले, वीस गेले. मधले परीक्षक चांगले गृहस्थ होते. ते म्हणाले, “राहू दे बाळ, सुरू कर.”

“नाही,” मोठ्या मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या. “थांबूया.”

सगळे थांबले. ताईचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं आणि ती वळून धावत सुटली. अनवाणी जिना उतरून थेट लाँड्रीत, चादरींच्या ढिगामागे. आईने तिला तिथून बाहेर काढलं.

त्यानंतर सहा महिने ती वर गेली नाही, खाली लाँड्रीतच आईला घड्या घालू लागायची. वरून पायांचे आवाज आले की ती पाण्याचा नळ जोरात सोडायची. मला मोठ्या मॅडमचा एवढा राग आला होता की मी जिन्यात त्यांच्याशी बोलणंही सोडलं. धाकट्या मॅडमनी तर बहिणीशी आठवडाभर अबोला धरला; वर्गात एकीने सांगितलं की दुसरी पाठ करून उभी राही.

मग एके दिवशी मोठ्या मॅडम लाँड्रीत आल्या. वाफेत त्यांचा चष्मा धुरकटला होता. त्यांनी तो पुसला नाही, तशाच ताईसमोर उभ्या राहिल्या.

“माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “थांबायचं की नाही, हे तुला विचारायला हवं होतं. मी परस्पर ठरवलं. तुझ्या वाक्याला मीच हात लावला.”

ताई चादरीची घडी घालत राहिली. आईला काय करावं कळेना. तिने मॅडमना बसायला साबणाच्या डब्याचं झाकण पुसून दिलं. ताईने ती घडी पुरी केली, दुसरी घातली, आणि मग बोलायला लागली. वाक्य लांब होतं आणि तिला फार वेळ लागला. ती म्हणाली, “मी परत येईन. पण परीक्षेत मी हात वर केला तरच थांबायचं.”

“कबूल.”

“आणि त्या क... कोपऱ्यातून बघू नका. समोर बसा.”

“कबूल,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. मागे दारात धाकट्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी आपल्या मते हळूच म्हटलं, “सुटलो बाई एकदाचे!” ते शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू गेलं.

पुढच्या वर्षी ताईने हात वर केला. नाव यायला चाळीस सेकंद लागले. मी मोजत होते, माझ्या मांडीवर नखांचे व्रण उठले होते. मग तिने काता अशी केली की मधल्या परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. काळा पट्टा मिळाला. त्या रात्री आईने तो तीनदा धुवायला मागितला. नवा पट्टा धुवायचा नसतो, हे तिला पटवता पटवता ताईच्या नाकी नऊ आले.

शिक्षण झाल्यावर ताईला आपत्कालीन मदतकक्षात टंकलेखिकेची नोकरी लागली. लोक अपघात, आग, आजारपण कळवायला जिथे फोन करतात, ती जागा. खिडक्या नसलेली मोठी खोली, प्रत्येकासमोर संगणकाचे तीन पडदे. ताईचं काम फोन घ्यायचं नव्हतं. झालेल्या फोनचं ध्वनिमुद्रण ऐकून ते शब्दशः लिहायचं. नऊ वर्षं तिने लोकांचे घाबरलेले आवाज कान देऊन ऐकले. घरी येऊन ती नावगाव कधी सांगत नसे, पण एक गोष्ट तिला सलायची. “आमची माणसं लोकांना बोलू देत नाहीत गं,” ती म्हणायची. “समोरचा ‘छ... छ...’ करतो, हे म्हणतात ‘छातीत दुखतंय?’ तो घाबरून ‘हो’ म्हणतो. आणि असतं छ... छप्पर पडलेलं.”

मला दुकानातले बटाटे आठवले.

दहाव्या वर्षी कक्षात फोन घेणाऱ्यांच्या जागा निघाल्या आणि ताईने अर्ज केला. प्रमुख साहेब भले होते, पण ते बघतच राहिले. “बाई, इथे एकेक सेकंद मोलाचा असतो. राग मानू नका, पण तुम्ही...”

ताईने त्यांना ते वाक्य पुरं करू दिलं. मग म्हणाली, “मी अ... अडखळते. पण मी घाबरत नाही. तीन महिने मोजून बघा.”

त्यांनी खरंच मोजलं. तीन महिन्यांनी आकडे आले तेव्हा साहेबांनी ते दोनदा तपासले. ताईचे फोन इतरांपेक्षा सरासरी अकरा सेकंदांनी लवकर आटपत होते. शब्द महाग पडतात म्हणून ती एकही फालतू शब्द वापरत नव्हती. “कुठे? काय झालं? श्वास चालू आहे?” बाकीचे ज्या वेळात “घाबरू नका, घाबरू नका” म्हणायचे, त्या वेळात ताईने पाठवलेली रुग्णवाहिका निघालेली असायची.

ज्या फोनमुळे ती कक्षात सगळ्यांना माहीत झाली, तो चार वर्षांपूर्वीचा. सकाळचे अकरा वाजले होते. फोन उचलला तर पलीकडे नुसता श्वास. अशा फोनना तिथे ‘मुके फोन’ म्हणतात. बहुतेक वेळा ते खिशात चुकून लागलेले असतात. अर्धं मिनिट वाट बघून ठेवून द्यायचा, असा तेव्हा नियम होता. ताईने ठेवला नाही. तो श्वास ऐकून तिला लगेच कळलं होतं की हा खिसा नव्हे. हा माणूस आहे, आणि त्याच्या घशात शब्द अडकलाय. असा श्वास तिने आयुष्यभर आतून ऐकला होता.

“मी इथेच आहे,” ती म्हणाली. “फ... फोन ठेवणार नाही. आधी श्वास सोडा. सगळा.”

पलीकडून लांब श्वास आला. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, “ती... ती... ते...” आणि रडू. शब्द येतच नव्हता.

“बोलता येत नाही का? हो असेल तर फोनवर एकदा टकटक करा.”

टक.

“पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलाय?”

टक.

“घरात कुणी पडलंय?”

टक. टक. टक. टक.

पडद्यावर जागेचा गोल दिसत होता, पण त्या गोलात बारा इमारतींची वसाहत होती आणि प्रत्येक इमारतीला नऊ मजले. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी कुजबुजली, “घर कसं शोधणार?” ताई सांगते, की त्या क्षणी तिने विचार असा केलाच नाही. तिला हॉल दिसला आणि तीस मुठी दिसल्या.

“काका, माझ्याबरोबर मोजा,” ती म्हणाली. “इमारतीचा नंबर आला की थांबा. मी पण थांबेन. चला. एक...”

“एक,” म्हातारा म्हणाला. स्पष्ट! “दोन. तीन. चार...” दोघांचे आवाज एका चालीत. ज्याला बायकोचं नाव घेता येत नव्हतं, त्याच्या तोंडून आकडे माळेतल्या मण्यांसारखे ओघळत होते. सातला तो थांबला. ताईही थांबली.

“इमारत सात?”

टक.

“आता मजला. एक, दोन...” चौथा. मग दार. दुसरं. शेजारची मुलगी तोवर गाडीला पत्ता सांगून मोकळी झाली होती.

म्हाताऱ्या बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. डोकं फुटलं होतं, कमरेचं हाड मोडलं होतं. गाडी पोचेपर्यंत ताईने काकांकडून डोक्यावर टॉवेल दाबून धरवला, पुन्हा आकडे मोजत. बाई वाचल्या. दोन महिन्यांनी दोघं काठी टेकत कक्षात आले. काकांनी ताईचा हात हातात घेतला आणि काही बोलायचा प्रयत्न केला. साहेब मदतीला पुढे सरसावले, “यांना म्हणायचंय की...” ताईने नुसता तळहात दाखवून त्यांना थांबवलं. काकांना पाऊण मिनिट लागलं. शब्द आला तो एकच, “पोरी.”

आता नव्या लोकांच्या प्रशिक्षणात आकडे मोजण्याची ही रीत शिकवतात. मुका फोन अर्ध्या मिनिटात ठेवायचा नियमही बदलला. साहेब म्हणतात, “ही कल्पना आमच्या कक्षाची.” ताई हसते. तिला त्याचं काही नाही.

तिला पर्वा होती ती दोघी मॅडमच्या मताची. तो फोन आला त्याच आठवड्यात ती त्यांच्या घरी गेली, मीही बरोबर होते. तोवर दोघी सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. गुडघे कुरकुरतात म्हणून त्यांनी तळमजल्यावर घर घेतलं होतं आणि वर्गाच्या काळजीत होत्या. ताईने सगळी हकीकत सांगितली. सावकाश, तिच्या चालीने. कुणीही मध्ये बोललं नाही.

संपल्यावर मोठ्या मॅडमनी विचारलं, “फोन घेताना पाय कुठे होते?”

“अं? खुर्चीखाली.”

“दोन्ही जमिनीवर?”

ताईने आठवून पाहिलं. “हो.”

“मग बरोबर.”

“काय बाई ही!” धाकट्या मॅडम उसळल्या. “पोरीने माणूस वाचवला आणि ही पाय विचारतेय! अगं, श्वास सोड म्हणून सांगितलंन तिने. ते कुणी शिकवलं? मी!”

“मोजायला कुणी शिकवलं?”

“मोजायला काय, अख्खं जग मोजतं!”

चहा गार होईपर्यंत हे चाललं. ताई दोघींच्या मध्ये बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. दोन आयांच्या मध्ये बसलेल्या लेकीच्या तोंडावर असावं तसं समाधान तिच्या तोंडावर होतं. निघताना मोठ्या मॅडम दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “वर्ग आता तू घे. आम्ही बसून बघू.” हे मात्र दोघींनी आधीच ठरवलेलं असावं, कारण धाकट्या मॅडमनी लगेच मान हलवली. बहिणीच्या बोलण्याला त्यांनी हरकत घेतली नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

लाँड्री केव्हाच बंद झाली, तिथे आता गाद्यांचं गोदाम आहे. ताईचा वर्ग एका शाळेच्या व्यायामशाळेत रविवारी सकाळी भरतो. चाळीसएक मुलंमुली येतात, शिवाय पाच-सहा आज्या. त्यांना मारायचं-बिरायचं नसतं, न पडता चालायचं असतं. माझी मुलगीही जाते. परवा ती घरी येऊन कुरकुरत होती, “मावशी एका गोष्टीला किती वेळ देते! आणि त्या दोन आजी खुर्चीत बसून उलटंच सांगतात. एक म्हणते वाक, दुसरी म्हणते सरळ हो. मी ऐकू कुणाचं?”

मी तिच्या केसांतला गुंता सोडवत होते. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द सापडत नव्हता. माझ्या जिभेवर तो तयार होता. मी तो गिळला आणि केस विंचरत राहिले.

“मावशी छान आहे गं,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली. “पुढच्या रविवारी मी लवकर जाणार आहे. चटया घालायला.”